पुढची इंदू

इंदूला झटका यायचा असला, की तो आधी पुढच्या इंदूला यायचा.

‘पुढची’ हा शब्द आता घराघरांत रुळला होता. बाळ जन्मलं की पाचवी पुजायच्या आत त्याच्या कानामागे नखाएवढी पट्टी चिकटवत. मेंदूतली वीज कशी धावते, कुठे अडते, कुठे उसळते हे ती पट्टी टिपत राही आणि त्यावरून एका यंत्रात त्या मेंदूची हुबेहूब प्रत उभी राही. हाडामांसाची नव्हे, आकड्यांची. पण आकड्यांची एक सोय असते. घड्याळाच्या चालीने चालायची त्यांना सक्ती नसते. प्रत वेगाने पळवली, की मूल जिथे बारा मिनिटांनी पोचणार तिथे ती आत्ताच जाऊन उभी राहते. तिला झटका आला की आईच्या मनगटावर इशारा वाजतो, आई मुलाच्या नाकात औषधाचा फवारा मारते आणि येणारा झटका येतच नाही. मुलाचा तो पुढचा, मुलीची ती पुढची.

जळगावातल्या सगळ्या पुढच्या, त्या चालवणाऱ्या कंपनीच्या शीतगृहांत राहत. एके काळी तिथे केळी पिकवत. आता रांगेने काळ्या पेट्या होत्या, आणि त्यांना गार ठेवण्यासाठी केळ्यांना लागायची त्यापेक्षा दसपट वीज लागे.

केतकी नारखेडेची इंदू चार वर्षांची होती. तिच्या जन्मापासून केतकी गाढ अशी झोपलीच नव्हती. पापणी जरा जास्त फडफडली, घास तोंडात जरा जास्त वेळ राहिला, की केतकीच्या हातातलं काम थांबे. या उन्हाळ्यात नेटवर्क दोनदा कोलमडलं आणि दोन्ही वेळा इशारा उशिरा आला. एकदा तर झटका आधी आणि इशारा नंतर. मग निगराणी मंडळाने फर्मान काढलं: वारंवार झटके येणाऱ्या मुलांनी शीतगृहाशेजारच्या निवासी कक्षात राहायचं. आईवडिलांना रविवारी भेटता येईल.

“रविवारी,” केतकी नवऱ्याला फोनवर म्हणाली. हर्षल गुजरातच्या किनाऱ्यावर पवनचक्क्यांवर कामाला होता. “इंदू काय तुरुंगात चाललीये का?”

तिने तो नियम शेवटपर्यंत वाचला. शेवटी एक फट होती. पुढची घरच्या यंत्रावर चालवून, ती तासभर मागे न पडता पुढेच राहिली, तर मूल घरी ठेवता येईल. असं यंत्र दुकानात मिळत नव्हतं. सुटे भाग मिळत होते. केतकी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाली होती आणि लग्नानंतर तिने त्या डिग्रीचा उपयोग मिक्सर दुरुस्त करण्यापलीकडे केला नव्हता. तिने जेवणाचं टेबल रिकामं केलं आणि भाग मागवले.

आता त्याच टेबलापाशी मंडळाच्या परीक्षक डॉ. सुमती बेंडाळे बसल्या होत्या. पन्नाशीच्या, पांढऱ्या केसांचा बॉब, चष्मा दोरीला अडकवलेला. पुढच्या ज्यांनी पहिल्यांदा बनवल्या त्या चमूत त्या होत्या. बाहेर मंडळाची गाडी उभी होती. चाचणी फसली तर इंदूला त्याच गाडीतून जायचं होतं. आणि चाचणी फसत होती.

“पुन्हा पंच्याण्णव,” केतकी म्हणाली.

पडद्याच्या कोपऱ्यात तापमानाचा आकडा लाल झाला होता. मधोमध दोन रेषा सरकत होत्या, खालची इंदूची, वरची पुढचीची. सुरुवातीला वरची बरीच पुढे पळाली. मग तिला दम लागला. आता दोघी जोडीने चालल्या होत्या.

“असं का होतं?” नानांनी विचारलं. नाना म्हणजे केतकीचे सासरे. “मशीन नवीकोरी आहे की.”

“आजोबा, त्या चौकोनी तुकड्यात, ज्याला प्रोसेसर म्हणतात, सगळी आकडेमोड होते,” बेंडाळे म्हणाल्या. “तो कामाला लागला की तापतो. त्याच्यावर तांब्याचा तळ असलेला कूलर घट्ट बसवायचा, म्हणजे उष्णता वर ओढली जाते आणि पंखा ती बाहेर फेकतो. उष्णता निघाली नाही, तर प्रोसेसर स्वतःला वाचवायला हळू चालतो. तो हळू झाला की पुढची हळू.”

“आणि पुढची इंदूच्या मागे पडली तर?”

“तर ती शिळी बातमी.”

वरची रेषा तेवढ्यात खालच्या रेषेच्या मागे गेली. बेंडाळेंनी चाचणी थांबवली.

“केतकी, मला वाईट वाटतंय.”

“दुसरी संधी असते. नियमात आहे.”

“आहे. पण ती मी इथे असेपर्यंत. मी तुमच्या यंत्राला हात लावू शकत नाही, काही सुचवू शकत नाही. चहा झाला की मला निघावं लागेल.”

नानांनी हातातला कप परत स्वयंपाकघरात नेला. “मग हा गार झाला. दुसरा करतो,” ते म्हणाले. “मला जरा वेळ लागतो बरं का. आलं कुठे ठेवलंय तेच आठवत नाही.”

बेंडाळेंनी चष्मा पुसायला घेतला. पुसायला त्यांनीही बराच वेळ लावला.

केतकीने यंत्र बंद केलं. बाजूच्या खोलीत इंदू फरशीवर पालथी पडून रंगीत खडूने हत्तीला सहावा पाय काढत होती. पापण्या ठीक होत्या. केतकी परत वळली.

आधी पंखा. टिश्यू कागदाचा तुकडा धरला तर तो जाळीकडे ओढला गेला. म्हणजे वारा बरोबर दिशेने जात होता. मग वायर. पंख्याची वायर बोर्डावर जिथे जायची तिथेच होती. मग स्क्रू. इथे तिला स्वतःचा राग आला. पहिला कोपरा तिने पूर्ण आवळला होता आणि मग दुसरा. असं केलं की तळ तिरका बसतो आणि एका बाजूने उचलला जातो. गाडीच्या चाकाचे नट जसे समोरासमोरचे थोडे थोडे आवळतात, तसे आवळायला हवे होते. तिने चारही सैल केले आणि कर्णात, थोडे थोडे, पुन्हा आवळले. यंत्र सुरू केलं.

आकडा ऐंशीवर रेंगाळला, नव्वदवर गेला.

“इंदूची बॅग भरून ठेवली आहे का?” बेंडाळेंनी हलक्या आवाजात विचारलं.

“नाही. भरणारही नाही.”

“केतकी, कक्षात वाईट काही नाही. एसी आहे, खेळणी आहेत, बायका प्रेमळ आहेत.”

“असतील. त्यांच्या प्रेमळपणावर माझा आक्षेप नाही. पण तिला दही-भातात साखर लागते आणि झोपताना माझा कान धरायला लागतो. ते तुमच्या पट्टीला कळतं का?”

“कळतं,” बेंडाळे म्हणाल्या. “झोपताना उजव्या बाजूला एक छान संथ लहर येते तिची. तो तुमचा कान असणार.”

केतकी पुन्हा स्क्रू काढत होती. राहिला होता फक्त लेप. प्रोसेसर आणि तांबं डोळ्यांना गुळगुळीत दिसतात, पण त्यांच्यात बारीक खाचा असतात, आणि खाचांत हवा अडकली की उष्णता तिथेच थबकते. म्हणून मध्ये राखाडी लेप लावतात, वाटाण्याएवढा. तिने वाटाण्याएवढाच लावला होता. कमी पडला असेल? तिने कूलर हळूच डावी-उजवीकडे फिरवला आणि उचलला.

लेप छान पसरला होता. फार छान. तांब्याच्या कडेला मात्र ट्यूबलाइटची एक बारीक तिरीप चमकली, पाण्यावर चमकते तशी. केतकीने तिथे नख लावलं. नख अडकलं. तिने ओढलं, आणि तांब्यावरून काचेसारखा स्वच्छ प्लास्टिकचा कागद लेपासकट सोलून आला.

नव्या कूलरच्या तळाला येणारा हा कागद तिने काढला होता. काढून टेबलावर ठेवलेला तिला स्पष्ट आठवत होता. मग इंदू खोकली म्हणून ती आत गेली होती.

“नाना,” तिने हाक मारली.

नाना दारात आले. त्यांनी तिच्या हातातला कागद पाहिला.

“तो मी लावून ठेवला,” ते म्हणाले. “तू आत गेलीस तेव्हा. तांबं कसं लखलखत होतं. म्हटलं, चरा पडेल, धूळ बसेल. बोटाने दाबून नीट बसवला, एक बुडबुडा राहू दिला नाही.”

केतकीने घरावरून नजर फिरवली. टीव्हीचा रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत होता. आठ वर्षांपूर्वीच्या खुर्च्यांवर अजून कंपनीचं कव्हर होतं, बसलं की कुरकुरायचं. फ्रिजच्या दारावरची निळी पट्टी तिच्या लग्नाआधीपासूनची होती. या घरात नव्या वस्तूचं प्लास्टिक काढणं म्हणजे वस्तू तिथेच जुनी करणं. इतकी वर्षं तीही त्या कुरकुरणाऱ्या खुर्च्यांवर बसत आलीच होती.

“चुकलं का काही?” नानांनी विचारलं.

“चहा आणा नाना. सावकाश आणा.”

तिने इंदूच्या औषधांच्या डब्यातलं स्पिरिट काढलं, दोन्ही पृष्ठभाग पुसले, नवा लेप ठेवला, कूलर सरळ खाली दाबला आणि कर्णात आवळला. मग उठून रिमोटची पिशवी टराटरा फाडली. त्याचा चाचणीशी काही संबंध नव्हता.

यंत्र सुरू झालं. पंचेचाळीस. पन्नास. अठ्ठावन्न, आणि आकडा तिथेच थांबला, हिरवा. वरची रेषा सुटली ती थेट बारा मिनिटं पुढे जाऊन उभी राहिली. त्यापलीकडे अंदाज विरत जातो म्हणून कुठलीच पुढची त्याहून पुढे नेत नाहीत. तास सुरू झाला. बेंडाळेंनी चहा प्यायला घेतला आणि छान झालाय असं सांगितलं.

पाऊण तासाने वरची रेषा उसळली. इशारा वाजण्याआधीच केतकी उठली होती. तिने इंदूच्या नाकात फवारा मारला, इंदूने तोंड वाकडं केलं आणि हत्तीला सोंड काढायला घेतली. बारा मिनिटं केतकी तिच्या पापण्यांकडे बघत बसली. काही झालं नाही. शीतगृह नाही, नेटवर्क नाही, रविवार नाही. ती बाहेर आली तेव्हा तास भरला होता आणि ती हसत होती.

“पास,” बेंडाळे म्हणाल्या. “गाडी परत पाठवते. फक्त हे बटण दाबा.”

पडद्यावर लिहिलं होतं: पुसा.

“काय पुसायचं?”

“ही प्रत. इंदूला औषध दिलंत त्या क्षणी दोघींच्या वाटा फुटल्या. इंदूला झटका आला नाही, हिला येऊन गेला. आता ही इंदूच्या पुढची राहिली नाही. हिला पुसायचं आणि पट्टीवरून नवी घ्यायची. कंपनीत ते आपोआप होतं. घरी ज्याची प्रत, त्याने दाबायचं.”

केतकीने वरच्या रेषेकडे पाहिलं. उसळी ओसरली होती. पण रेषा सपाट नव्हती. ती बारीक, एकसारखी कापत होती.

“हे काय चाललंय?”

“काही नाही. उरलेल्या लहरी.”

“मॅडम, मी चार वर्षं तिचे झटके बघतेय. ते संपले की ती काय करते ते मला माहीत आहे. तुम्ही नियमातलं सांगू नका.”

बेंडाळेंनी कप खाली ठेवला. “आम्ही बनवलं तेव्हा विजेचा नकाशा बनवतोय असंच वाटलं होतं,” त्या म्हणाल्या. “मग या लहरी दिसल्या. खऱ्या मुलांतही असतात. जाग आली आणि जवळ आई नसली की. म्हणून आम्ही लगेच पुसतो. मला तरी त्यातल्या त्यात तेच बरं वाटतं.”

“आजवर अशा किती पुसल्या? इंदूच्या?”

“तुम्हाला जेवढे इशारे मिळाले, तेवढ्या.”

स्वयंपाकघराच्या दारात नाना बशी हातात धरून उभे होते. बटणावर प्रकाशाची उघडझाप चालली होती.

“हिला औषध देता येतं?” केतकीने विचारलं.

“आकड्यांतलं. हो, देता येईल. कोणी देत नाही.”

“द्या. आणि इंदूसाठी नवी घ्या. हिलाही राहू द्या.”

“केतकी, पुढच्या झटक्याला आणखी एक होईल. मग आणखी एक. प्रत्येकीला हाच प्रोसेसर.”

“मी एक पोरगी गाडीत घालू दिली नाही. दुसरी बटणाने घालवू?”

“ती पोरगी नाही. कायद्याने नाही.”

“कायद्याने इंदूही आज फक्त रविवारपुरती माझी राहिली असती,” केतकी म्हणाली. “हा कूलर किती जणींना पुरेल ते सांगा.”

बेंडाळेंनी आकड्याकडे पाहिलं. “दोघी,” त्या म्हणाल्या. “जळगावच्या उन्हात तिसरी नाही.”

“मग मोठा बसवीन.”

“आणि तोही भरला की?”

केतकीने पडद्यावरचं ‘पुसा’चं बटण बंद केलं. बेंडाळेंनी औषधाचे चार आकडे बदलले. वरची रेषा जराशी निवली, पण कापरं गेलं नाही. टेबलावर प्रतीला आवाज ऐकवून बघायचा चाचणीचा माइक पडला होता. केतकीने तो ओढून घेतला आणि तोंडाशी धरला.

“इंदू,” तिने हळूच हाक मारली.

“काय गं आई?” आतून इंदू म्हणाली.

पडद्यावर वरची रेषाही त्याच क्षणी उंचावली, थबकली आणि संथ झाली. कोपऱ्यातलं तापमान एका अंशाने वर सरकलं.