दोन चुका, पुन्हा लिहा

मी धावत जिना चढत होते आणि तो उतरत होता. म्हणजे आधी त्याची पेटी दिसली — गळ्यात अडकवायची, पोटाएवढी रुंद, अ‍ॅकॉर्डियन म्हणतात ती. आम्ही धडकलो आणि पेटीतून असा काही सूर निघाला की वरच्या मजल्यावरची पोरं खिदळली.

"लागलं का?"

"मला की पेटीला?"

"पेटी बोलली. तुमचं अजून कळायचंय."

"मला उशीर झालाय हो!"

"मग काळजी नको. आजपासून घंटा मीच वाजवणार... तुम्ही वर्गात पोहोचेपर्यंत थांबतो."

आणि खरंच थांबला. मी माझ्या तिसरीच्या वर्गात पाय ठेवला तेव्हा कुठे खाली पेटी वाजली. छातीतली धडधड मात्र तासभर गेली नाही. जिन्यामुळे, असं मी स्वतःला सांगितलं.

आमच्या शाळेची घंटा तडकली होती आणि शाळेचंही तसंच काहीसं झालं होतं. पोरं उशिरा यायची, भांडायची, शिक्षक सुस्कारे टाकायचे. शेवटी मुख्याध्यापिकांनी, म्हणजे आमच्या मोठ्या बाईंनी, एका सत्रापुरता हा संगीतशिक्षक आणला. त्याने चिठ्ठ्यांसाठी एक लाकडी खोकं व्हरांड्यात ठेवलं आणि नियम सांगितला. कुणी कुणाशी चांगलं वागलेलं दिसलं तर चिठ्ठी लिहायची. स्वतःबद्दल नाही, दुसऱ्याबद्दल. रोज एक चिठ्ठी काढायची आणि तिच्यात ज्याचं नाव निघेल, त्याने दुसऱ्या दिवशीची घंटा निवडायची.

मग काय! कुणी आइस्क्रीमच्या गाडीचा भोंगा मागितला, कुणी दाराची बेल. दुसरीतल्या एका बहाद्दराने घरचा मिक्सर मागितला, तोही सरांनी पेटीवर वाजवला. मोठ्या बाईंनी कानांवर हात ठेवले. झाडलोट करणाऱ्या मावशींचं नाव निघालं तेव्हा त्यांनी नातीला झोपवताना गुणगुणतात ती धून मागितली, आणि चौथीतली दांडगी पोरंसुद्धा चिडीचूप झाली. महिन्याभरात पोरं घंटेआधी फाटकाशी दिसू लागली.

चिठ्ठ्या फळ्यावर लावण्याआधी शुद्धलेखन तपासायचं काम माझं. पोरं मला भिंगरी बाई म्हणतात. एका जागी बसणं मला जमत नाही, आणि जीव घाबरा झाला की मी चुका शोधते. स्वभावच तसा आहे.

एके दिवशी चिठ्ठ्यांत हिरव्या शाईची एक निघाली. हिरवी शाई शाळेत एकाच माणसाकडे होती.

"तूम्ही रडणाऱ्या मुलीला स्वतःची खुर्ची दिलीत आणि तासभर उभ्या राहिलात. तूम्ही हसता तेव्हा सगळा वर्ग शांत होतो. मीही."

मी ती चार वेळा वाचली. कान तापले. आणि मग मी काय करावं? लाल पेन उचललं, दोन्ही 'तू'भोवती गोल केले आणि खाली लिहिलं — दोन चुका, पुन्हा लिहा.

मला वाटलं, कळेल त्याला. पुन्हा लिहा म्हणजे... पुन्हा लिहा ना!

जिन्यातच त्याच्या हातात दिली. त्याने वाचली, नीट घडी घातली.

"चुकाच आहेत?"

"अर्थात. 'तुम्ही'तला तु ऱ्हस्व. तिसरीतल्या पोरांनाही येतं."

"हो... येतं खरं," म्हणाला आणि खाली उतरून गेला.

त्यानंतर हिरवी चिठ्ठी आली नाही. एक आठवडा, दोन, तीन. मी रोज चिठ्ठ्यांचं खोकं उघडायचे, उलटं करून झटकायचे. डबा खाताना चालत असायचे. "अगं, चक्कर येईल आम्हाला," मावशी म्हणायच्या. तो भेटला की नमस्कार करायचा, घंटेएवढाच वेळेवर आणि तेवढाच लांबून. माझं काय चुकलं हे काही केल्या उमगत नव्हतं.

शुक्रवारी मधल्या सुट्टीत मोठ्या बाईंनी बोलावलं. पुढ्यात हिरव्या शाईचं पत्र.

"तुझे पेटीवाले सर चाललेत. दुसऱ्या गावच्या शाळेत. मी कायम करते म्हटलं तरी नको म्हणतात. सुट्टी संपली की मंजुरीची सही करून मोकळी होते. तू जरा चुका बघ, यात एक सापडली तर चहा माझ्याकडून."

मी वाचत गेले. 'तुम्ही मला संधी दिलीत.' 'तुम्ही सगळ्यांनी जीव लावलात.' तुम्ही, तुम्ही, तुम्ही — सगळे ऱ्हस्व. एक काना इकडचा तिकडे नव्हता.

याला येत होतं. पहिल्यापासून येत होतं!

"अगं, कुठे निघालीस?" बाई ओरडल्या. मी व्हरांड्यात पोहोचलेसुद्धा.

तो पेटीचे पट्टे खांद्यावर चढवत होता. भोवती पोरांचा घोळका.

"ती चिठ्ठी कुठेय?" मला धाप लागली होती.

त्याने शर्टाच्या खिशातून काढली. घड्यांवर विरलेली.

"मुद्दाम लिहिलंत?"

"'तू' लिहायला हात धजेना," तो हळूच म्हणाला, "आणि 'तुम्ही' लिहायला मन. मग... दोन्ही लिहिलं. तुम्ही लाल शाईत उत्तर दिलंत, मी समजलो."

"काही समजला नाहीत! पुन्हा लिहा म्हटलं होतं. मी वाट बघत होते हो... तीन आठवडे!"

मी केसांत खोचलेलं लाल पेन काढलं, चिठ्ठी भिंतीवर धरली आणि दोन्हीकडचा 'म्ही' खोडून टाकला.

त्याने वाचलं. ओठांचा कोपरा हलला. "'तू हसता'... भिंगरी बाई, आता क्रियापद चुकलं."

"ते सावकाश सुधारू."

"सावकाश म्हणजे किती दिवस?"

"जायचं नसेल तर पुष्कळ."

ऑफिसच्या दारातून मोठ्या बाईंनी पत्र हलवलं. "सर, सही करू की फाडू?"

"फाडा!" मीच ओरडले. पोरांनी टाळ्या पिटल्या, त्यांना काय कळलं देव जाणे.

"तुझं कौतुक होतं त्या चिठ्ठीत," तो म्हणाला. पहिल्यांदाच 'तुझं' म्हणाला. "घंटा राहिलीय. कोणती वाजवू?"

"एकच सूर. पण दीर्घ."

त्याने एक पट्टी दाबली आणि भाता ओढत गेला, ओढत गेला... पोरं पायऱ्यांवर थबकली, मावशींचा झाडू थांबला. तिसरीचा वर्ग आपल्या भिंगरी बाईंची वाट बघत होता. मी तिथेच उभी होते, एका जागी, सूर संपेपर्यंत.