मागची बैठक

तौसिफ टाकवे बुद्रुकला गेला होता तो पाण्याची मोटर बघायला. लोणावळ्याच्या एका रिसॉर्टमध्ये तो मेन्टेनन्सचं काम करायचा आणि सुट्टीच्या दिवशी ओळखीच्या लोकांची अशी कामं करून द्यायचा. ओळखीतल्या प्रदीपच्या घरामागे मोटर उघडून बसला असताना त्याची नजर पत्र्याच्या खोपटात गेली. सरपणाच्या आड एक जुनी सायकल उभी होती. काळी, उंच, चोवीस इंची फ्रेम, सळईचे ब्रेक, आणि पुढच्या मडगार्डवर पितळेचा छोटा पक्षी. मोटर तशीच राहिली आणि तो सायकलवरची धूळ पुसायला लागला.

"वडिलांची आहे," प्रदीप म्हणाला. "ते गेल्यापासून पडून आहे. पाहिजे तर घेऊन जा, नाहीतरी खोपट पाडायचंय."

प्रदीपची आई, भामाबाई, ओट्यावर शेंगा निवडत बसली होती. तिने मान वर केली.

"न्हे की बाबा. पर तिला मागं काय बसवू नगंस."

तौसिफने वाकून पाहिलं. सायकलला कॅरिअर नव्हतं. नट सोडून काढलेलंही नव्हतं. त्याच्या सळया मुळापासून कापल्या होत्या, वेड्यावाकड्या, अंधारात घाईने कापाव्यात तशा. मागच्या नळ्या कमजोर झाल्या असतील, वजन पेलत नसेल, म्हणून म्हातारी सांगत असेल, असं त्याने मनाशी धरलं. "काळजी करू नका मावशी, वेल्डिंगचे टाके मारून मजबूत करतो," तो म्हणाला. भामाबाईचा शेंगा निवडणारा हात तेवढा थांबला.

कामशेतला घराच्या मागच्या पडवीत तौसिफने ती सायकल पूर्ण खोलली. त्याला या गोष्टीचं वेडच होतं. रिसॉर्टने पाहुण्यांसाठी आणलेल्या भारी सायकली मोडीत निघाल्या होत्या. त्यांतल्या एकीची गिअरची चाकं, डिस्क ब्रेक, मागच्या चाकाचं टिकटिक वाजणारं हब, हे सगळं त्याने मॅनेजरला विचारून आणलं. जुन्या फ्रेममध्ये नवं हब बसेना, तर मागच्या नळ्या गरम करून हळूहळू फाकवल्या. जुन्या डायनॅमोच्या दिव्याचं पितळी घर घासून लखलखीत केलं आणि आत एलईडी बसवला. हँडलच्या मुठींना सुती गोफ गुंडाळून वर लाखेचा हात दिला. शेजारी मोबाइलचा स्टँड. काळा रंग मात्र त्याने तसाच राखला, पक्षीही तसाच.

सगळ्यात जास्त जीव लावला तो कॅरिअरला. एका पाडलेल्या घराच्या खिडकीची सागवानी चौकट त्याच्याकडे पडून होती. तिच्या पट्ट्या काढून, रंधून, तेल पाजून त्याने मागची बैठक घडवली. त्याच्या बायकोने, परवीनने, तिच्यावर तांबड्या रेक्झिनची गादी शिवली, आत काथ्या भरला, कडेला पांढऱ्या दोऱ्याची टीप घातली.

"ही माझी जागा," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणाला बसवायचं नाही."

"दुसरी कोण बसणार आहे?" तौसिफ हसला.

लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि घरात दोघंच होती. सायकलच्या निमित्ताने दोघं पुन्हा पडवीत रात्री गप्पा मारत बसायला लागली होती, हे त्यालाही जाणवलं होतं.

पहिल्या दिवशी तो स्टेशनपर्यंत जाऊन आला आणि घामाघूम झाला. सपाट रस्ता, नवी चेन, हलके गिअर, तरीही सायकल ओढावी लागत होती. ब्रेक घासतोय का ते पाहिलं. चाक उचलून फिरवलं तर भिंगरीसारखं फिरायचं. खाली ठेवून बसलं की पुन्हा तेच. मागच्या टायरची हवा रोज बसायची. ट्यूब पाण्यात बुडवली तर एक बुडबुडा नाही.

गादीचंही तसंच. काथ्या एका बाजूला दबून तिथे खळगा पडायचा. परवीन थोपटून सारखा करायची, सकाळी पुन्हा खळगा. "मांजर बसत असेल," ती म्हणाली. पडवीला जाळीचं दार होतं, मांजराला यायला वाट नव्हती.

एके दुपारी शेजारची सरुबाई भाजीची पाटी घेऊन बाजारातून येत होती. तौसिफ सायकलवरून तिला ओलांडून पुढे आला आणि दारात उतरला. सरुबाई मागून आली, इकडेतिकडे पाहू लागली.

"पावनी कुटं गेली रं?"

"कोण पाहुणी?"

"आत्ता तुज्या मागं बसलीवती ती. डोक्यावरनं पदर घेतल्याली..." बोलता बोलता तिने तौसिफच्या तोंडाकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "ऊन लय हाय. मलाच काय दिसलं आसंल."

तौसिफने हे परवीनला सांगितलं नाही.

परवीन पवना धरणाच्या बाजूला गुलाबाच्या एका पॉलिहाउसमध्ये पॅकिंग बघायची. जाणं-येणं कंपनीच्या टेम्पोने. भाद्रपदातल्या एका रविवारी गणपतीसाठी फुलांची मोठी मागणी होती, म्हणून तिला सुट्टीच्या दिवशीही जावं लागलं. सकाळी निघताना ती म्हणाली, "संध्याकाळी सायकल घेऊन या ना न्यायला. खिंडीतून उतरताना मजा येईल."

सायकल जड लागत होती, तरी त्याला नाही म्हणवलं नाही.

तो खिंडीजवळ पोहोचला तेव्हा दिवस मावळायला अवकाश होता. पण वरून धुकं उतरलं आणि उजेड दुधाळ, आंधळा झाला. भातखाचरं दिसेनाशी झाली. बेडकांचे आवाज, कुठेतरी दगडांवरून वाहणारं पाणी, आणि स्वतःचा श्वास. पॉलिहाउसच्या फाट्यावर पत्र्याची शेड होती. तिथे यायचं ठरलं होतं. त्याने शेडपुढे सायकल परतीच्या रस्त्याकडे तोंड करून वळवली, एक पाय जमिनीवर टेकवला आणि बसल्या बसल्याच घंटी वाजवली.

मागे ओल्या खडीवर पावलं वाजली. सायकल थोडी खाली बसली. कमरेवर हात आला.

"बसलीस?"

"हं..."

तो निघाला. थोडं अंतर गेल्यावर त्याला चुकल्यासारखं वाटलं. परवीन कामावरून यायची तेव्हा तिच्या कपड्यांना गुलाबाचा आणि फवारणीच्या औषधाचा मिसळलेला वास असायचा. आत्ता वास येत होता तो भिजलेल्या राखेचा. चूल विझवल्यावर येतो तसा.

"दमलीस का? बोलत नाहीस."

मागून हळू आवाज आला, वाऱ्याने अर्धा खाल्लेला.

"घर... लांब हाय का?"

त्याला गंमत वाटली. परवीन कधी कधी त्याला हसवायला सरुबाईची नक्कल करायची. "आपलंच घर, तुला माहीत नाही होय? चल, थेट दारात उतरवतो," तो म्हणाला.

कमरेवरचा हात घट्ट झाला.

उतार लागला. चाकांनी वेग घेतला, मागचं हब टिकटिक करू लागलं. आणि हँडलवरचा मोबाइल उजळला. धुक्यात त्या पडद्याचा निळसर चौकोन एकदम मोठा वाटला. त्यावर नाव होतं: परवीन.

त्याने अंगठ्याने फोन उचलला. स्पीकरवर तिचा आवाज, रागावलेला.

"अहो, कुठे राहिलात? मी आत्ताच सुटले, शेडमध्ये उभी आहे. इथे धुक्यात काही दिसत नाही. किती वेळ थांबू?"

तौसिफने दोन्ही ब्रेक दाबले. डिस्क किंचाळली. सायकल थांबली. हात कमरेवरच होता.

त्याला मान वळवता येईना. मोबाइलचा पडदा विझला तेव्हा काचेत त्याला स्वतःचा चेहरा दिसला, आणि खांद्यामागे पदराची कड. त्याने डोळे मिटून घेतले.

"परवीन," तो कसाबसा म्हणाला, "शेडमधून बाहेर येऊ नकोस. कुणी हाक मारली तरी... मी आवाज दिला तरी येऊ नकोस. मी चालत येतोय."

"चालत? सायकलला काय झालं?"

त्याने फोन काढून घेतला. पाय लांब टाकून पुढच्या बाजूने उतरला, मागे न बघता पायानेच स्टँड लावला, नजर जमिनीवर ठेवून सायकलला वळसा घातला आणि चढाला लागला. मागे ती बसलेली, पुढे परवीन एकटी.

पहिल्या वळणापर्यंत काही नाही. मग मागून आवाज आला.

टिक... टिक... टिक...

ते हब त्याने स्वतः बसवलं होतं, त्याचा आवाज त्याला झोपेतही कळला असता. चाक फिरल्याशिवाय ते वाजत नाही. कुणीतरी सायकल हातात धरून त्याच्या मागून सावकाश चालत येत होतं. तो थांबला की आवाज थांबायचा. तो कलमा पुटपुटत राहिला आणि चालत राहिला. वरून गुलाबाच्या टेम्पोचे दिवे दिसले तेव्हा तो रस्त्याच्या मधोमध हात पसरून उभा राहिला. परवीन टेम्पोतच बसली होती. ड्रायव्हरने तिला शेडमधून घेतलं होतं. तोही चढला, पण खाली उतरताना वाटेत परवीनला सायकल दिसली नाही. तौसिफने तर खिडकीबाहेर पाहिलंच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी परवीनच्या भावाची, फरदीनची, स्कूटर घेऊन तो टाकव्याला गेला. भामाबाई घरात एकटीच होती. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, शेजारी तिच्या नवऱ्याची, हौशीरामची. तिने त्याला पाणी दिलं आणि न विचारताच म्हणाली,

"बसवलंस न्हवं कॅरिअर?"

"मावशी, तुम्ही नीट का सांगितलं नाही?"

"आज इतकी वर्सं झाली. म्हनलं, गेली आसंल ती..." ती खाली बसली. "आमचं मानूस पवनेच्या धरनावर पहाऱ्याला हुतं. आठवड्याला घरी यायचं, सायकलवरनं. एकदा खिंडीत धुक्यात बाई हुबी. म्हनली, घरापतूर सोडता का? ह्यांचा सोभाव तसला, बसवली. कुटं उतरायचं इचारलं, तर म्हनली, घर आलं की उतरते. हितं आले, बगत्यात तर मागं कुनी न्हाई. पर सायकल जड ती जडच."

"मग?"

"मग रोज. वाटंनं बोलायची. घर आलं का, घर आलं का... मानूस वाळत चाललं. एकदा ह्या दारात त्यांच्या मागं म्या तिला बगितली. उतरायला पाय खाली टाकत व्हती. म्या आडवी झाले. म्हनलं, हितं न्हाई. हे तुजं घर न्हाई. ह्यांनी तसंच माघारी जाऊन खिंडीत कॅरिअर कापलं, तितंच टाकलं. पुन्यांदा तरास न्हाई झाला."

"कोण होती ती?"

"कुनाला ठाव, बाळा. तिला घर पायजे, एवडंच." भामाबाईने त्याच्याकडे रोखून पाहिलं. "तुज्याशी बोलली? तू काय म्हनलास तिला?"

"काही नाही," तौसिफ म्हणाला.

घरी येऊन त्याने परवीनला सगळं सांगितलं. दारात उतरवण्याचा शब्द तेवढा सोडून. परवीनने ऐकून घेतलं. तिने भीती दाखवली नाही, चिडली मात्र.

"मी येते. गादी माझ्या हातची आहे," ती म्हणाली.

दुपारी ऊन पडलं होतं. सायकल सोडलेल्या जागी नव्हती. बरीच खाली, कामशेतच्या अंगाला, रस्त्याच्या कडेला सरळ स्टँडवर उभी होती, तोंड घराकडे. गादीतला खळगा ओला होता. तौसिफने पान्हा लावला. सगळे नट त्याच्या हातचे, तेल घातलेले. तरी एकेक सुटायला फार जोर लागला. शेवटचा सुटला तशी सायकल एकदम हलकी झाली, त्याच्या हातातून कलंडली.

दोघांनी ते सागवानी कॅरिअर उचलून खिंडीपर्यंत नेलं आणि झुडपांआड ठेवलं. परवीनने गादीवरून एकदा हात फिरवला. म्हणाली, "जे कुणी असाल, इथेच बसा. आम्हाला सोडा." मग दोघं कानोसा घेत उभी राहिली. वारा होता, गुराख्याची हाळी होती, बाकी काही नव्हतं. सायकल त्यांनी गुलाबाच्या टेम्पोत चढवून दिली आणि स्कूटरवरून परत निघाली. वाटेत तौसिफ सारखं विचारत होता, "आहेस ना?" आणि परवीन त्याच्या पाठीवर टिचकी मारून सांगत होती, "आहे हो, आहे." टेम्पोत सायकल चढवताना तिच्या कपड्यांना लागलेला गुलाबाचा वास येत होता. कामशेतचा पूल ओलांडला तेव्हा तो स्वतःशी हसलादेखील.

गल्लीत दारापुढे त्याने स्कूटर थांबवली. परवीन उतरली, कुलूप काढून आत गेली, आत दिवा लागला. तौसिफ उतरला, स्कूटर स्टँडवर लावली, किल्ली काढली आणि हेल्मेट काढायला हनुवटीखाली हात नेला.

तेवढ्यात रिकाम्या स्कूटरची मागची स्प्रिंग कुईं करून वाजली. सीटची मागची बाजू बोटभर वर आली. बसलेलं माणूस उतरल्यावर येते तशी.

परवीनने दार सताड उघडं ठेवलं होतं.