कोरडे तांदूळ

चाकणच्या कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते. त्या दिवशी तनुजा उशिरा उठायची, केस धुवायची आणि दुपारी जरा आडवी व्हायची. पण त्या गुरुवारी अमावस्या होती, आणि न्याहारी आटोपताच सासूबाईंनी तिला सांगितलं, "जा, रंभाकाकूंना घेऊन ये. म्हसोबाच्या देवळात भावकीतल्या बायकांचा प्रसाद आहे."

तनुजाचं माहेर तळेगाव दाभाड्याचं. इथल्या भावकीचे रीतिरिवाज तिला अजून पुरते ठाऊक नव्हते. ती निघाली.

रंभाकाकू तिची चुलत सासू. गावाच्या टोकाला, एका कंपनीच्या भिंतीला लागून एकटीच राहायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. एरवी भिंतीपलीकडची प्रेस मशीन इतकी धडधडायची की बोलणाऱ्याला आवाज चढवावा लागे. आज ती बंद होती. रणरणत्या उन्हात सगळं गप्प होतं. म्हातारी धुतलेलं लुगडं नेसून उंबऱ्यावर बसली होती.

"बोलावलंय ना?" तिने विचारलं. "चल. परीक्षेला जायाचं तर नीटनेटकं जावं."

"परीक्षा कसली, काकू? प्रसाद आहे."

म्हातारी हसली. "करिष्माचं बाळ पोटातच गेलं. आदलंबी तसंच गेलं. दोन्ही टायमाला तिची वटी मी भरली व्हती. आता तूच सांग, कसला प्रसाद आसंल?"

करिष्मा म्हणजे तनुजाची थोरली जाऊ. बाळ का राहिलं नाही, हे डॉक्टरीणबाईंनी नीट समजावून सांगितलं होतं. तनुजा तेव्हा शेजारीच बसली होती. तिला वाटलं होतं, विषय तिथेच मिटला.

"मग जाऊच नका," ती म्हणाली.

"न्हाई गेले तर घरात येत्याल. त्यापरीस देवापुढं बरं."

वाटेने चालता चालता रंभाकाकू सांगत होती, भाजी काय भावाने मिळाली ते सांगावं अशा सुरात. "माझी एक चुलत सासू व्हती, ठकूबाई. गावातली गुरं पटापट मराया लागली, तवा समद्या बायांना ह्याच देवळात तांदूळ चावाया दिले. जिचे कोरडे निगतील ती चेटकीण. ठकूबाईचे कोरडे निगाले."

"भीतीने तोंड कोरडं पडतंच, काकू. कुणाचंही पडेल."

"व्हय. पर तवा हे कोन म्हननार? तिला देवळात कोंडली. पानी द्यायाचं न्हाई, अशी गावाची आन. आदी वराडली. मग नुसतीच जीब हलायची. मग तीबी न्हाई."

देवळाला आता गुळगुळीत फरशी आणि स्टीलचं रेलिंग होतं. आत धुपाचा आणि जळलेल्या लिंबाचा वास कोंडला होता. दारात तनुजाचे थोरले दीर, करिष्माचे यजमान रोहिदास उभे होते. बायकांचे मोबाइल ते एका पाटीत गोळा करत होते.

"भाऊजी, हा गुन्हा आहे," तनुजा म्हणाली. "कायदा आहे याला."

"घरातलं घरात ऱ्हाऊ दे, तनुजा." त्यांनी तिचा मोबाइल हळूच काढून घेतला. "कुणाला हात लावनार न्हाई. फकस्त तांदूळ चावायचे."

"आणि कोरडे निघाले तर?"

रोहिदास तिच्यामागून आत आले. त्यांनी लोखंडी दरवाजा ओढून घेतला.

लांबून बोलावलेला देवऋषी पांढऱ्या सफारीत होता, मनगटावर चकाकतं घड्याळ. त्याने बायकांना एका ओळीत बसवलं, प्रत्येकीपुढे वडाचं पान ठेवलं. रंभाकाकूला त्याने ओळीच्या टोकाला, भिंतीच्या बाजूला बसवलं; तिच्यापलीकडे कुणी नव्हतं. करिष्मा मधेच मान खाली घालून बसली होती, डोळे सुजलेले. सासूबाईंनी तनुजाला आपल्याजवळ ये म्हणून खुणावलं. तनुजा गेली नाही. ती रंभाकाकूला खेटून बसली.

"डोळे मिटा," देवऋषी म्हणाला. "मी सांगेपर्यंत उघडायचे नाहीत."

तांदूळ तोंडात गेले आणि तनुजाच्या लक्षात आलं की आपल्याच तोंडात थुंकी नाही. दाणे वाळूसारखे दाताखाली करकरत होते. तिने जीभ फिरवली, आंबट चिंच आठवून पाहिली. काही उपयोग होईना. माझेच कोरडे निघाले तर… तेवढ्यात म्हातारीचा हात तिच्या हातावर आला. उबदार आणि अगदी शांत. हळूहळू तनुजाच्या तोंडाला पाणी सुटलं.

मग तिला ऐकू आलं. रंभाकाकूच्या पलीकडे, भिंतीच्या बाजूला, कुणीतरी चावत होतं. सावकाश. कोरडं धान्य जात्यात भरडावं तसं…

"थुंका."

बायकांनी डोळे उघडले. देवऋषी वाकून एकेक पान बघत पुढे सरकू लागला. सासूबाईंचे ओले. करिष्माचे ओले. तनुजाचे जेमतेम, पण ओले. रंभाकाकूच्या पानावर तर पांढराशुभ्र लगदा होता.

"नीट बघा, महाराज," रोहिदास म्हणाले.

देवऋषी रंभाकाकूच्या पलीकडे बघत होता. तिथे, जिथे कुणीच बसलेलं नव्हतं, आणखी एक पान होतं.

त्यावर तांदूळ होते. चावून पीठ झालेले. त्यात ओलाव्याचा टिपूसही नव्हता.

"हे कुणी ठेवलं?" रोहिदासांचा आवाज खाली आला.

"मी नाही… माझं शेवटचं पान हिच्यापुढे होतं." देवऋषीने बोट पुढे केलं, त्या पिठाला टेकवलं आणि चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. "गरम आहे… आत्ता तोंडातून काढल्यासारखं."

नंतरचं सगळं झटपट झालं. देवऋषीने दरवाजा उघडला आणि तो अनवाणीच गाडीत जाऊन बसला. बायका पाटीतून आपापले मोबाइल उचलून पांगल्या. करिष्मा मात्र हलेना. ती रंभाकाकूच्या पायाशी आली आणि तिच्या मांडीत डोकं खुपसून हुंदके देऊ लागली. म्हातारीने तिच्या केसांवरून हात फिरवला. "तुजं काय चुकलं न्हाई, पोरी. माजंबी न्हाई." रोहिदास खांबाला धरून नुसते उभे होते. त्यांना कुणीच काही विचारलं नाही.

मग रंभाकाकू उठली. तिने देवापुढचा तांब्या घेतला, भिंतीशी नेला आणि त्या कोरड्या पानावर पाण्याची बारीक धार धरली.

तनुजा बघत होती. तांब्या अर्धा झाला, मग रिकामा झाला. पान तसंच होतं. पीठ भिजलं नव्हतं. गुळगुळीत फरशीवर एकही थेंब नव्हता.

म्हातारीने मागे वळून न बघता रिकामा तांब्या तनुजाकडे धरला.

"घागर भरून आन," ती हळूच म्हणाली. "आजून मागतीया."