सर्व्हर बंद असताना

उन्नतीची आई दुर्गाबाई भिलाईच्या सेक्टर ६ मधल्या आपल्या क्वार्टरमधून स्टील प्लांटमध्ये कामाला असलेल्या, एकट्या राहणाऱ्या पोरांना डबे पुरवायची. पावसाळ्यात ती गेली. डबे मात्र शेजारच्या रंभाकाकूंनी चालू ठेवले. फोनवर ऑर्डरी घेताना त्यांची तारांबळ उडते, म्हणून उन्नतीनं त्यांच्यासाठी ॲप बनवायला घेतलं. त्या कामाला बसलं की आई स्वयंपाकघरातच आहे असं तिला वाटायचं.

थंडीचे दिवस होते. संध्याकाळ झाली होती, बाहेर धुकं उतरलं होतं आणि त्याला कोळशाचा वास होता. प्लांटमधून रिटायर झालेले तिचे बाबा, दौलतराव, खांद्यावर टॉवेल टाकून निघाले.

"आंघोळ करून येतो, पोरी. मंग चहा मांडजो."

"हौ बाबा."

ॲपला अजून चेहरा नव्हता. नुसता एपीआय तयार होता, म्हणजे प्रश्न आला की उत्तर देणारा आतला भाग. लॅपटॉपवरच्या टेस्टिंगच्या टूलमध्ये एका बाजूला प्रश्न लिहायचा, 'सेंड' दाबायचं, की दुसऱ्या बाजूला सर्व्हरचं उत्तर उमटायचं. सर्व्हरही त्याच लॅपटॉपवर चालायचा. तो बंद पडला तर टूल काय सांगतं ते बघावं, म्हणून उन्नतीनं सर्व्हर मुद्दाम बंद केला आणि प्रश्न धाडला: उन्नतीचा आजचा डबा?

एरर यायला हवा होता. उत्तर आलं.

*आलूवांगं. तिखट कमी.*

जुनं काहीतरी अडकलं असेल, तिनं मनाशी म्हटलं. पण चाचणीसाठी तिनं 'भाजी एक', 'भाजी दोन' एवढंच भरलं होतं. आलूवांगं तिनं कुठंच लिहिलं नव्हतं. तिनं वायफाय बंद केलं, टूल बंद करून पुन्हा उघडलं आणि परत 'सेंड' दाबलं.

*दुपारचं ताट झाकूनच ठेवलं तू. जेवून घे ना माय.*

तिनं मान वळवून पाहिलं. ताट खरंच ओट्यावर झाकलेलं होतं. उठून पळावं असं वाटण्याऐवजी तिला रडूच फुटलं. डोळे पुसत तिनं लिहिलं: आई?

स्क्रीनवरचं चक्र फिरत राहिलं. फ्रिजची घरघर थांबली. घर एवढं चिडीचूप झालं, की बाथरूममधला नळ तेवढा ऐकू येत होता... पाणी पडत होतं, पण मग्ग्याचा आवाज नव्हता.

*बाबाले बाहेर काढ. गॅस.*

उन्नती धावली. बाथरूममध्ये गॅसचा गिझर होता, आणि थंडी म्हणून बाबांनी खिडकी घट्ट लावून घेतली होती; गिझरचा विषारी वायू आतच कोंडला असणार.

"बाबा! दरवाजा खोला! बाबा...!"

ती दोन्ही हातांनी दार बडवत राहिली. तिच्या ओरडण्यानं रंभाकाकू कणकेच्या हातांनीच धावत आल्या. दोघींनी दाराला खांदे लावले. दार हलेना. आणि मग आतली कडी सरकली. हळूच, कुणी झोपलेल्याला जाग येऊ नये म्हणून सरकवावी तशी.

दौलतराव पार पलीकडच्या भिंतीला टेकून पडले होते. त्यांचा हात कडीपर्यंत पोचणं शक्यच नव्हतं.

दोघींनी त्यांना ओढून अंगणात आणलं. शेजाऱ्यांच्या गाडीतून दवाखान्यात नेलं, ऑक्सिजन लावला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते घरी आले, अशक्त, पण शुद्धीवर. शेजाऱ्यांनी तोवर गिझर भिंतीवरून उतरवला होता. आतल्या खोलीत रंभाकाकू त्यांना चमच्यानं पेज भरवत होत्या.

"मले वाटलं, गेलोच," दौलतराव म्हणाले. "डोये उघडून नव्हते राहिले... पन वाफेत कोनीतरी माह्याजवळ बसून होतं. मंग ते उठलं, अन् कडी काढली. तुयी मायच असंन पोरी. दुसरं कोन?"

रंभाकाकूंनी डोळ्यांना पदर लावला. "तिचा जीव तुमच्यातच हाय भाऊजी."

उन्नती बाहेरच्या खोलीत आली. सर्व्हर तिनं सुरू केलाच नाही. फक्त टूल उघडलं आणि लिहिलं: थँक्यू आई. तू कडी काढलीस म्हणून बाबा वाचले.

चक्र बराच वेळ फिरलं.

*मी तं तुयाजवळ होती माय. दाराच्या बाहेर.*

तिनं बटणाला हातही लावला नव्हता, तरी खाली आणखी एक ओळ उमटली.

*कडी मी नाही काढली. आत कोन हाय?*

आतल्या खोलीत बाबा आणि रंभाकाकू बोलत होते. दोघांचेही आवाज तिला स्पष्ट ऐकू येत होते. आणि तेवढ्यात बाथरूमची कडी कुणीतरी आतून, सावकाश, लावून घेतली.