काजळाची डबी

किन्हवली रस्त्यावरच्या जुन्या दगडखदानीला आता कुंपण आहे, पिंपांत लावलेले चार माड आहेत आणि ‘लगून’ असा बोर्ड आहे. रविवारी तिथे स्कूबा शिकवतात. पाणी मात्र तेच, हिरवं.

तीन वर्षांपूर्वी माझी कुणाली या पाण्यात गेली. पाच वर्षांची होती. स्वतःला तीट लावून झाली की माझ्या उजव्या गालावर लावायची, पार कानापर्यंत फराटा ओढत. मग म्हणायची, "आता दुसरा गाल. तो रुसंल ना!" त्या दिवशी नव्या साडीला काजळ लागलं म्हणून मी तिच्यावर ओरडले. डबी मुठीत धरून ती बाहेर पडली. संध्याकाळी ती सापडली. डबी सापडली नाही. त्यानंतर मी घरात काजळ आणलंच नाही. आता आठ महिन्यांचं बाळ आहे, त्यालाही कधी तीट लावली नाही.

माझी नणंद सरिता बाळाला मांडीवर घेऊन काठावर बसली.

"वैनी, तळाशी काय ठेवलंय गो? नुसता गाळ."

"गाळच आहे, एवढंच एकदा बघायचंय. मग झोप तरी लागेल."

शिकवणारा प्रणित मुरबाडचा. माझ्या पाठीवर सिलिंडर चढवत तो म्हणाला, "ताई, श्वास अडवायचा नाय. बरं वाटतंय तर बोटांचा गोल करा. अंगठा वर केला की आपण वर. छान म्हणून अंगठा दाखवायचा नाय, सगळे तिथंच चुकतात."

तोंडात रबराची चव. कानांत ठणका आला. नाक दाबून फुंकल्यावर सुटला. माझाच श्वास घरघरत ऐकू येत होता. खाली गारवा वाढत गेला. प्रणितच्या बॅटरीचा उजेड कातळावरून उतरला. सुरुंगाची भोकं, कुणाची तरी चप्पल, मग गाळ.

गाळावर डबी होती.

चकचकीत. आत्ताच कुणी ठेवल्यासारखी. झाकण बाजूला काढलेलं. आतल्या काजळात एका लहान बोटाची ताजी खाच.

मी प्रणितकडे वळले. सापडली! मी अंगठा वर केला.

त्याने मला धरून वर न्यायला सुरुवात केली. मी मान हलवली, खाली बोट दाखवलं. तो थांबला नाही. उजेड सरकला. डबी अंधारात गेली.

"परत ने मला," काठावर मी त्याचा हात सोडेना.

"आज नाय, ताई. घाबरलाय तुमी. आणि खाली होतं काय? गाळच तर होता."

सरिता उभी होती. तिचा चेहरा उतरला होता.

"वैनी, मी नाय लावली गो. माझ्याकडं काजळ कुठलं?"

बाळाच्या उजव्या गालावर तीट होती. ओली. कानापर्यंत फराटा.

बाळ पाण्याकडे बघून हसलं.

मग मान वळवून त्याने दुसरा गाल पुढे केला.