गुणाजीच्या खात्यातला फरक

बँकेचं स्टेटमेंट डाउनलोड करायचं आणि हिशोबाच्या प्रोग्राममध्ये टाकायचं, यात काय मोठंसं? मी दवाखान्यात बिलिंगला बसते. दिवसाला शंभर पावत्या करते आणि संध्याकाळी गल्ला रुपयाला रुपया जुळतो. घरचा खर्चही गेली सहा वर्षं त्याच प्रोग्राममध्ये टाकतेय. म्हणून वहिनीला म्हटलं, काळजी करू नको, रविवारी अर्ध्या तासाचं काम आहे.

माझा भाऊ गुणाजी खलाशी. दिवाळी होऊन पंधरवडा झाला नि पूर्णगडच्या पुढे तो बोटीवरून पडला. सापडलाच नाही. त्याची बायको जनी, सात वर्षांची आरोही आणि मी, अशा तिघी आम्ही भाट्याला राहतो. आरोहीच्या हृदयाला भोक आहे. एप्रिलमध्ये मुंबईला ऑपरेशन आणि त्याआधी दोन लाख भरायचे. ते येणार होते नुकसानभरपाईतून. मत्स्यखात्याच्या ऑफिसातल्या क्लार्कने बजावलं होतं: खात्याचा महिनावार हिशोब द्या, शिल्लक जुळलेली पाहिजे, आणि गुणाजीच्या कार्डावर एकही व्यवहार दिसता कामा नये. दिसला तर माणूस जिवंत धरून फाईल बंद. मुदत मार्चअखेर.

खातं दोघांच्या नावावर होतं. गुणाजीचं कार्ड त्याच्या शर्टाच्या खिशात, प्लास्टिकच्या पिशवीत असायचं. ते त्याच्याबरोबरच गेलं. मागे उरले ते जनीचे व्यवहार: दूध, लाईटबिल, किराणा.

फाईल टाकली. प्रोग्राम म्हणाला, एकशे शेहेचाळीस नोंदी आल्या, शिल्लक जुळत नाही, फरक चौतीस हजार पाचशे.

पहिल्यांदा वाटलं, तारखांचा घोळ. हा प्रोग्राम दिवस आणि महिना उलटेपालटे करतो, ते मला ठाऊक आहे. दुरुस्त केलं. फरक तोच. मग रकमांमधले स्वल्पविराम काढले. दुबार नोंदी शोधल्या, सापडल्या नाहीत. जमा आणि खर्चाचे रकाने तपासले. सगळं पुसून पुन्हा टाकलं, तीन वेळा. शेवटी वही घेतली आणि एकशे शेहेचाळीस ओळी हाताने मिळवल्या. बेरीज चोख होती. बँकेने खाली छापलेली शिल्लक मात्र चौतीस हजार पाचशेंनी जास्त होती. दुपारचा चहा गार झाला आणि मी माऊस आपटला.

सोमवारी सुट्टी टाकून बँकेत गेले. तिथला अधिकारी स्क्रीनकडे बघून म्हणाला, "मॅडम, शिल्लक बरोबर आहे."

"मग हे पैसे कुठल्या तारखेला जमा झाले ते दाखवा."

त्याने वर-खाली दोनदा पाहिलं. "तशी ओळ दिसत नाही. पण शिल्लक बरोबर आहे. तुमच्या सॉफ्टवेअरचा प्रॉब्लेम असणार."

असा संताप आला म्हणून सांगू. कागदावर पेनाने केलेल्या बेरजेत कसलं आलंय सॉफ्टवेअर? पण माझ्या मागे रांग होती, आणि मी बाहेर पडले.

शनिवारी नवीन फाईल उतरवली. नोंदी एकशे एकोणपन्नास. फरक छत्तीस हजार पाचशे.

"दोन हजारांनी वाढला मेला," मी करवादले.

जनी पडवीत बांगडे साफ करत होती. मान वर न करता म्हणाली, "दोनच पडला गो ह्या आठवड्याला. मासळी कमी व्हती."

"काय दोन पडला?"

"वाटा. महिपतकाकांच्या बोटीवर. सगळ्यांना दोन-दोन हजारच मिळाले."

महिपतकाका म्हणजे गुणाजीच्या बोटीचे मालक आणि बोट चालवणारे तांडेलही. मला उलगडा झाल्यासारखं वाटलं. म्हातारा गुपचूप पैसे भरत असणार. माया असेल, पण आमची फाईल बुडवायला निघालाय. तशीच मिरकरवाड्याला गेले. काका धक्क्यावर जाळं शिवत बसले होते.

"काका, तुम्ही जनीच्या खात्यात पैसे भरता?"

"मी? माझं बँकेचं सगळं पोरगा बघतो. आमी वाटा रोख देतो, हातात."

"मग गुणाजीदादाचा वाटा?"

त्यांनी सुई थांबवली. "तुमच्याकडं कार्य झालं नाय ना अजून? पळसाच्या पानांचा देह करून जाळतात, तसं?"

"जनी करू देत नाही."

"मंग. कार्य होईस्तोवर खलाशाचा वाटा कापीत नाय. माझ्या आज्यापासून असंच हाय." सुई पुन्हा जाळ्यात घालत ते म्हणाले, "खरं सांगू, पोरी? आमी कापणार व्हतो. दिवस वाईट हायत. पण सात जणांचे नोटांचे सात ढीग घालतो नि मोजतो तर आठ. पुन्हा घालतो, पुन्हा आठ."

"आणि आठवा कोण उचलतं?"

"क्रेटवर ठेवून आमी घरला जातो. मागं वळून कोण बघतो?"

मी शिकलेली बाई. मनात म्हटलं, कोणीतरी चोरतंय आणि हे डोळे मिटून बसलेत. पण चोर कशाला आमच्या खात्यात भरेल? घरी येईपर्यंत डोकं भणभणत होतं. मुदतीला चार दिवस उरले होते.

शेवटी मी जे कुणी करू नये ते केलं. प्रोग्राम विचारतो, फरकासाठी समायोजन नोंद करायची का? मी 'हो' दाबलं. नावाच्या रकान्यात त्याने आपणहून लिहिलं: गुणाजी. जुन्या नोंदींवरून तो नावं सुचवतो, त्यात नवल नाही. मी ते खोडून 'इतर' लिहिलं. पुन्हा गुणाजी आलं. चौथ्या खेपेला 'इतर' टिकलं. मग छपाई केली आणि अर्ज जनीसमोर ठेवला. पतीची स्थिती, या ओळीत मी 'मयत' लिहिलं होतं.

"मी सही करणार नाय."

"मग आरोहीला घेऊन बस मांडीवर आणि बघत राहा," मी म्हणाले. माझ्या तोंडून ते कसं निघालं, अजून लाज वाटते.

जनीने सही केली. सोमवारी क्लार्कने शिक्का मारला.

त्या शुक्रवारी सवयीने फाईल उतरवली.

फरक शून्य.

मला हसू आलं. सुटले एकदाची, असं वाटलं. मग शेवटची ओळ दिसली. रोख काढले, मिरकरवाडा एटीएम, दुपारी दोन चाळीस, छत्तीस हजार पाचशे. कार्डाचे शेवटचे चार आकडे गुणाजीचे होते.

सोमवारी ऑफिसातून फोन आला. "ताई, बँकेकडून कळलं, कार्ड वापरलंय. म्हणजे माणूस आहे. फाईल बंद केली."

मी हातापाया पडले, भांडले, पडताळणी करा म्हणाले. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. आरोहीच्या ऑपरेशनची तारीख गेली ती गेलीच.

जनीला कसं सांगायचं, ते जुळवत मी स्वयंपाकघरात गेले. तिने सगळं ऐकलं. रडली नाही. हात पुसले, फडताळातून कुंकवाची डबी काढली आणि कपाळाला लावलं. चार महिन्यांनी.

"जनी, दोन लाख गेले आपले."

"रागावलाय तो," ती म्हणाली. "मयत लिहिलंस ना."

तांदूळ धुवायला घेताना तिने भांड्यात आणखी एक मूठ टाकली.

तिन्हीसांजेला मी कम्प्युटरशी बसले होते. आरोही माझ्या शेजारी पाढे लिहीत होती. जनी दिवा लावून दारात उभी राहिली आणि अंगणाकडे बघून, रोजच्या कटकटीच्या आवाजात म्हणाली, "तसाच आत येऊ नको. आधी पाय धू."

मागीलदारी हौदावर तांब्या वाजला.