दगडी क्रॉसला लागलेलं कुंकू

"थांबा, चोळू नका... त्यावरचं दगडफूल निघेल."

मुक्ता ओला टिश्यू घेऊन वाकली होती, ती तशीच थबकली. आयर्लंडमधल्या एनिसजवळच्या या जुन्या चर्चच्या आवारात कुणी मराठीत दटावेल, हे तिच्या स्वप्नातही नव्हतं. मागे पिवळ्या जॅकेटातला एक उंच तरुण उभा होता. मायलेकींचं भांडण त्याने सगळं ऐकलं होतं.

भांडणाचं कारण क्रॉसच्या पायथ्याशी लालभडक दिसत होतं. नागपूरहून तिच्याकडे राहायला आलेल्या आईने, प्रमोदिनीबाईंनी, मनोभावे नमस्कार करून त्या शेकडो वर्षं जुन्या दगडाला कुंकू लावलं होतं.

"देव तं देवच असते," त्या ठामपणे म्हणाल्या. "मंग कुंकू लावलं तं काय बिघडलं?"

"काही नाही, काकू. पाऊस धुऊन टाकेल. ऑल ग्रँड, सगळं ठीक," तो हसून म्हणाला. हसताना त्याच्या गालाला खळी पडायची, आणि मुक्ताने ती नेमकी पाहिली.

तो पियूष. आठवडाभर जवळच्या शॅनन गावात सॉफ्टवेअर लिहायचा आणि शनिवारी हौसेने इथे येणाऱ्यांना क्रॉसची माहिती सांगायचा.

पुढच्या शनिवारी मुक्ता परत आली... कुंकू गेलं का बघायला, असं तिने आईला सांगितलं. ते तसंच होतं. मग पाऊस झाला, कुंकू गेलं, आई नागपूरला परतली, तरी मुक्ता येतच राहिली. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. ती त्याच्या प्रेमात पडली होती, पण हा बाबा क्रॉसपलीकडे काही बोलेल तर शपथ!

अशात दूर डब्लिनच्या ब्युमॉन्ट हॉस्पिटलने तिला नोकरी देऊ केली. नर्स म्हणून तिला हवी होती तशीच.

"सोमवारी कळवायचंय," ती म्हणाली.

पियूष क्रॉसवरच्या कोरीव बिशपकडे बघत राहिला. "मग जा ना. इतकी चांगली संधी..."

तिचा चेहरा पडला. "बरं. तुझे शनिवार सुटले."

"सुटले कसे? शनिवारी मी डब्लिनला येणार."

"आणि हा क्रॉस?"

"तो कुठे जातोय? तू चाललीयेस. मुक्ता, मला तू हवी आहेस — इथे, तिथे, कुठेही."

"मग इतका वेळ त्या बिशपकडे काय बघत होतास?"

"धीर गोळा करत होतो."

मुक्ताने त्याचा गार पडलेला हात आपल्या कोटाच्या खिशात ओढून घेतला.

"आता माझ्याकडे बघ," ती म्हणाली.